मान, धन आणि मानधन

घरोघर जाऊन आरोग्याच्या चार गोष्टी समजावून सांगणाऱ्या बायकांना आपल्या कामात समाधान मिळते का? माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, इतिहासाची वाट मी स्वतःच चाचपडत धरली. म्हणून असेल, पण या प्रश्नाकडे मी हिशेबाच्या अंगानेही पाहतो. शंभर वर्षांचा पट चाळताना वाटले की, या बायकांना कोणत्या नावाने हाक मारली गेली, हे आधी पाहावे.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले. तिथे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण मिळू लागले. आजाऱ्याची शुश्रूषा हे तेव्हा पांढरपेशा घरांत हलके काम समजले जाई. ‘सेवा’ या शब्दाने त्याला प्रतिष्ठा दिली. पण ज्या बाईला घरात स्वतःचा पैसा म्हणून नव्हता, तिच्या हाती कमाईही आली. मान आणि धन असे एकत्र आले होते.

पुढे या दोहोंची फारकत झाली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने ग्रामीण आरोग्य योजना सुरू केली. गावातल्याच माणसाला थोडे प्रशिक्षण द्यायचे आणि महिना ५० रुपये मानधन. त्याचे नाव ‘सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता’. तीन-चार वर्षांतच ते नाव आधी ‘स्वयंसेवक’ आणि मग ‘मार्गदर्शक’ असे झाले. काम तेच राहिले. माझ्या मते ही निव्वळ शब्दांची अदलाबदल नव्हती. कार्यकर्ता पगार मागू शकतो. स्वयंसेवकाने मागितला, तर तो अवघडल्यासारखा दिसतो.

त्याच दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात गावकऱ्यांनाच आरोग्याचे शिक्षण देऊन कामाला लावले. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातले रुग्णालय, गावातला आरोग्यसेवक आणि त्याच्या पाठीशी उभा डॉक्टर, अशी ती साखळी होती. अडल्या वेळी विचारायला कोणीतरी आहे, हा दिलासासुद्धा समाधानाचाच भाग असतो.

२००५ साली ‘आशा’ आली. २०१३ नंतर शहरांतही. महाराष्ट्रात तिचे अधिकृत नाव ‘आशा स्वयंसेविका’. म्हणजे जुनाच शब्द पुन्हा. मोबदला मुख्यतः कामागणिक. निश्चित रकमेची भर नंतर पडली. करोनात याच बायका दारोदार फिरल्या. जून २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर संप केला आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. वर्षभराच्या आतल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सगळा इतिहास समोर येतो.

माझ्या घराजवळच्या वस्तीतल्या आशाताईंशी मी अनेकदा बोललो आहे. पहिलटकरीण डॉक्टरांच्या आधी आपल्याला विचारते, याचा त्यांना अभिमान आहे. महिनाअखेरीची ओढाताणही त्या तितक्याच मोकळेपणाने सांगतात. दोन्ही खरे आहे. पहिल्या गोष्टीकडे बोट दाखवून दुसरी झाकायची, ही आपली जुनी सवय.

‘मानधन’ या शब्दात मान पुढे आहे, धन मागे. रमाबाईंच्या सेवासदनातून बाहेर पडलेल्या स्त्रीला या दोहोंतून एक निवडावे लागले नव्हते. आजच्या आशाताईला का लागावे?