कॅडिलॅकचे पंख आणि सीटबेल्टचे वेगळे पैसे

जुन्या अमेरिकन गाड्यांचे फोटो फिरायला लागले की खाली हमखास कुणीतरी लिहितं, ‘काय शान होती राव! आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे.’ शान होतीच, ते नाकारायचं कारण नाही. १९५९ ची कॅडिलॅक बघा. जवळजवळ पावणेएकोणीस फूट लांब, वजन दोन टनांच्या वर, जिथे हात लावाल तिथे क्रोम. मागे दोन्ही बाजूंना विमानासारखे उभे पंख आणि त्यात रॉकेटच्या ज्वाळेसारखे जोडीने बसवलेले लाल दिवे. या पंखांचा उपयोग काय? काहीच नाही.

मग ते आले कुठून? हार्ली अर्ल नावाचा माणूस हॉलिवूडमध्ये सिनेनटांना गाड्या सजवून द्यायचा. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२७ मध्ये त्याला डेट्रॉइटला आणलं आणि गाड्यांच्या रूपासाठी वेगळा विभागच काढून दिला. (याच कंपनीचा जोडणी कारखाना १९२८ पासून आपल्या मुंबईत शिवडीला होता, त्यामुळे शेव्हर्ले, ब्युइक ही नावं मुंबईकरांना परकी नव्हती.) स्लोन यांचं गणित सरळ होतं. फोर्डची मॉडेल टी वर्षानुवर्षं जवळपास तशीच. एकदा घेतली की गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकायचं नाही. पण दरवर्षी रूप बदललं, तर धडधाकट गाडीही दोन-तीन वर्षांत जुनाट दिसते आणि शेजाऱ्याची नवी गाडी डोळ्यांत खुपते.

महायुद्धाच्या काळात अर्लने आपल्या माणसांना लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान बघायला नेलं. त्याची छाया १९४८ च्या कॅडिलॅकवर पडली. मागच्या दिव्याशी नुसता एक उंचवटा. पुढे क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरने १९५७ मध्ये असे टोकदार पंख काढले की जनरल मोटर्सवाले हादरलेच. त्या चढाओढीचं टोक म्हणजे ही १९५९ ची गाडी.

आतला थाट तर विचारूच नका. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम, किंमत १३,०७४ डॉलर. साधी शेव्हर्ले तेव्हा दोन-अडीच हजारांत यायची! छप्पर स्टेनलेस स्टीलचं, मालकाची बसायची जागा लक्षात ठेवणारं सीट, चिकटून राहणारे चुंबकाचे पेले, बाईसाहेबांसाठी आरसा आणि फ्रेंच अत्तराची फवारणी. स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या होत्या. त्या इतक्या गळायच्या की पुष्कळ मालकांनी त्या काढून निमूटपणे साध्या स्प्रिंगा बसवल्या. एवढं सगळं देणाऱ्या गाडीच्या ठरलेल्या साहित्यात सीटबेल्ट मात्र नव्हता.

तो देता आला नसता असं मुळीच नाही. आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, फोर्डने तो दिला होता. रॉबर्ट मॅकनमारा (होय, नंतर व्हिएतनाम युद्धातले संरक्षणमंत्री तेच) तेव्हा फोर्ड विभाग सांभाळत. छातीत घुसणार नाही असं खोलगट स्टीअरिंग आणि झटक्याने न उघडणारी दाराची कुलपं सगळ्या गाड्यांना; सीटबेल्ट आणि मऊ डॅशबोर्ड हवा असेल तर वरचे पैसे. त्या वर्षी विक्रीत शेव्हर्ले पुढे राहिली आणि डेट्रॉइटने धडा घेतला, सुरक्षितता विकली जात नाही. मला हा धडा सोयीचा वाटतो. पंखांच्या जाहिरातींवर वर्षानुवर्षं पाण्यासारखा पैसा ओतायचा आणि बेल्टला एका हंगामात नापास करायचं!

या थाटाचा खर्च कोण सोसत होतं? फिशर, ग्रिलिकिस आणि केसन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये हिशेब मांडला. १९४९ चीच गाडी बनवत राहिलं असतं तर जेवढा खर्च आला असता, त्यापेक्षा १९५० च्या दशकाच्या अखेरीस दर गाडीमागे सुमारे ७०० डॉलर जास्त पडत होते. रूप, आकार, ताकद, सगळं त्यात आलं. शिवाय पेट्रोल वेगळं.

नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ आलं. त्यात गाड्या सजवणाऱ्यांवर अख्खं प्रकरण आहे, पंखांवर आपटून जखमी झालेल्यांच्या हकिकतींसह. त्या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर ४७ हजारांहून जास्त माणसं गेली होती. जनरल मोटर्सने काय केलं? नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ च्या मॉडेलपासून सीटबेल्ट प्रत्येक नव्या मोटारगाडीत सक्तीचा झाला.

कॅडिलॅकचे पंख मात्र कुठल्या कायद्याने गेले नाहीत. १९५९ नंतर ते दरवर्षी थोडे थोडे बसत गेले आणि १९६५ च्या मॉडेलवर उरलेच नाहीत. नेडरचं पुस्तक दुकानांत आलं, तेव्हा ती बिनपंखांची गाडी शोरूममध्ये येऊन वर्ष झालं होतं.