जोडलेल्या नोटा : वसाहतकालीन कागदी चलनाचे एक उपेक्षित साधन

ब्रिटिश अमदानीतील कागदी चलनाचे संग्राहक बहुधा स्वच्छ, घडी न पडलेली नोट शोधतात. मधोमध कापून पुन्हा चिकटविलेल्या नोटेस त्यांच्या लेखी मोल कमी. इतिहासाभ्यासकाने मात्र हा निकष स्वीकारणे इष्ट नव्हे.

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने बंगाल, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार संपुष्टात येऊन तो सरकारकडे गेला. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या पहिल्या नोटांच्या बनावट प्रती निघू लागल्याने १८६७ पासून निराळ्या धर्तीच्या नोटा प्रचारात आल्या. त्याही एकाच बाजूस छापलेल्या असत. परंतु सरकारी नोट म्हणजे देशभर चालणारी नोट, असा अर्थ त्या काळी नव्हता. देशाची चलनमंडळांत विभागणी झालेली होती आणि नोट आपल्या मंडळापुरतीच कायदेशीर चलन मानली जाई. अकोल्याच्या नोटेचे रोख रुपये अकोल्यास किंवा मुंबईस मागावे लागत.

दूरच्या पेढीस रक्कम पाठविताना टपालात ती गहाळ होण्याचे भय असे. म्हणून नोटेचे दोन तुकडे करून एक प्रथम पाठवीत व त्याची पोच आल्यावर दुसरा रवाना करीत. क्रमांक दोन्ही अर्धांवर छापलेला असल्याने जुळणी पडताळता येई. एकटा अर्धा भाग चोरास निरुपयोगी ठरे. हुंडी हरवल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ लिहून देणाऱ्या व्यापारी वर्गास ही सावधगिरी अपरिचित नव्हती. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० व १०० रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सर्वत्र ग्राह्य झाल्या.

तात्पर्य, नोटेवरील छेद हा तिच्या प्रवासाचा पुरावा होय. सांधा उकलणे, नोट धुणे, पाठीवरील शिक्के व हस्ताक्षरे पुसणे म्हणजे साधनच नष्ट करणे. संग्रहात नोट घेताना मंडळ, दिनांक, स्वाक्षरी, दोन्ही अर्धांवरील क्रमांक व पाठीवरील मजकूर यांची नोंद करावी. केवळ छेदावरून पाठविणारा कोण हे ठरत नाही. त्यासाठी पाठीवरील मजकूर पेढ्यांच्या कीर्द-खतावण्यांशी ताडून पाहावा लागेल. तसे झाल्यास संग्राहकाने टाकाऊ ठरविलेली नोट व्यापाराच्या इतिहासात आपले स्थान मिळवील.