६१७४ : एका मास्तरांचा हर्ष

नाशिकजवळच्या देवळालीतील शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी, आणि चारही स्थाने राखून हेच पुन्हा करावे. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते : ७६४१ − १४६७ = ६१७४. तिच्या अंकांची बेरीज १८ तिला निःशेष भागते. अशा संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, म्हटले.

पुष्कळ गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने ते जगापुढे आले. मम्मटाने काव्याच्या प्रयोजनांत ‘सद्यःपरनिर्वृती’ सांगितली, ती आपण क्षुल्लक मानत नाही. मग गणितातील हर्षालाच उपयोगाचा दाखला का मागावा, असे आम्हांस वाटते.