बोहारणीची टोपली

मुंबई बेटास रेल्वेनें १८५३ सालीं ठाण्याशीं व १८६४ सालीं विरारशीं जोडलें. पुढें घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवली येथें पांढरपेशांची वस्ती वाढली आणि तिच्या मागोमाग डोक्यावर भांड्यांची टोपली घेतलेली बोहारीणहि आली. या बायका बहुधा गुजरातेंतील वाघरी, म्हणजे आजच्या देवीपूजक, समाजाच्या.

पुरुषमंडळी कचेरीस गेल्यावर, दुपारीं, उंबरठ्याबाहेर व्यवहार बसे. पैशाचें नांव नाहीं. कोट, लुगडीं, सदरे यांच्या बदल्यांत पातेलें. जरीच्या काठाचा भाव निराळा, कारण तो जाळून चांदी निघे. जमलेले कपडे धुवून, सांधून बाजारांत जात आणि मजुराच्या अंगावर चढत. १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. तरी गिरणगांवांतहि नवें वस्त्र सर्वांच्या आवांक्यांत नव्हतें. १९४३ सालीं कापडावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां तर जुनेरहि मोलाचें ठरलें.

घांसाघीस करून एक वाटी अधिक मिळविणें हा गृहिणीला विजय वाटे. परंतु त्या वाटीची किंमत बोहारणीच्या दिवसभराच्या पायपिटींतून वजा होई. उंबरठ्याच्या आंत तिला बैठक क्वचितच मिळे. आज तिची हाक विरळ झाली आहे. शहराच्या इतिहासांत गिरणीमालकांचीं नांवें आहेत. गरिबास वस्त्र पोंचविणाऱ्या या बायांचीं नाहींत.