कौलापासून अभय योजनेपर्यंत

सरकारी जाहिरातीत ‘अभय योजना’ हे शब्द दिसले की मला मराठेशाहीतला कौल आठवतो. दुष्काळाने किंवा फौजांच्या येण्याजाण्याने गाव ओस पडले की सरकार परागंदा रयतेला कौल देई. परत या, जमीन लावा. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, पुढे दरसाल चढता. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. त्यात दयेपेक्षा हिशेब अधिक होता, कारण पडीक जमीन सरकारला काहीच देत नाही. पण कौल घेणाऱ्याचे घर खरोखर बसलेले असे. सारा देण्याची त्याला ऐपतच उरलेली नसे.

स्वतंत्र भारतात हे अभय दुसऱ्याच माणसाकडे वळले. 1951 मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, महावीर त्यागी यांच्या नावाने ओळखली जाणारी योजना आली. दडवलेले उत्पन्न आपणहून सांगायचे, कर भरायचा आणि मोकळे व्हायचे. सुमारे 70 कोटी रुपये उघड झाले, कर आला सुमारे 11 कोटी. 1965 मध्ये पुन्हा तेच. अशाने प्रामाणिक करदात्याचा विश्वास ढळतो, असे वांछू समितीने 1971 मध्ये बजावले. तरी आणीबाणीत, 1975 साली, पुढची योजना आलीच.

1981 मध्ये मात्र सरकारने कर मागणेही सोडले. स्पेशल बेअरर बाँड दहा हजारांना घ्यायचा, दहा वर्षांनी बारा हजार मिळणार. पैसा कुठून आला हे कोणी विचारणार नाही आणि वरच्या दोन हजारांवर करही नाही. म्हणजे चुकवणाऱ्याला माफी, शिवाय बक्षिशी! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह चौघांनी कायदा उचलून धरला. न्या. भगवती यांनी बहुमताचा निकाल लिहिला. एखादा कायदा अनीतीचा वाटतो एवढ्यावरून तो घटनाबाह्य ठरत नाही, आणि आर्थिक बाबतीत सरकारला मोकळीक हवी, असा त्याचा आशय. न्या. ए. सी. गुप्ता एकटे विरोधात गेले. कायद्यापुढे सर्व समान, मग नियमाने कर भरणाऱ्याला मागे ठेवून काळा पैसा बाळगणाऱ्याला सवलत कशी, हा त्यांचा मुद्दा. निकाल बहुमताचा लागला हे खरे, पण मला आजही गुप्तांचे म्हणणेच पटते.

1997 ची योजना वसुलीत आधीच्या सर्वांवर ताण करणारी. पावणेपाच लाखांच्या आसपास लोक पुढे आले, साडेनऊ हजार कोटींहून अधिक कर जमला. त्यात एक पळवाट होती. सोने-चांदी एप्रिल 1987 पूर्वीची आहे असे सांगितले की किंमत त्या तारखेच्या भावाने धरत. साहजिकच जुनी चांदी घरोघर निघाली! व्यक्तीला कर 30 टक्के, व्याज नाही, दंड नाही. आदल्याच वर्षी ज्याने आपले उत्पन्न नियमाने दाखवले होते, त्याने वरच्या टप्प्यात 40 टक्के भरले होते.