भाता, ऐरण आणि पहिले वेल्डिंग यंत्र

लोखंडास लोखंड जोडण्याची कला विजेबरोबर आली, असा समज आपल्या तरुण पिढीत रूढ होऊ पाहत आहे. तो निराधार होय. दोन तुकडे भट्टीत पांढरे होईतो तापवावयाचे, सांध्यावर वाळू किंवा टाकणखार टाकून मळ वितळवावयाचा आणि धग आहे तोच घणाखाली एकजीव करावयाचे, हे काम आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. दिल्लीचा सुमारे 1600 वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ 6 टनांहून अधिक वजनाचा आहे. तो ओतीव नव्हे. तापल्या लोखंडाचे गोळे घणाने सांधीत सांधीत तो घडविला आहे. तंजावरची सतराव्या शतकातील प्रचंड तोफही अशीच लोखंडी पट्ट्या व कडी सांधून केलेली. ज्यांच्या हातांनी ही कामे झाली त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

विजेने सांधा करण्याचा इतिहास त्या मानाने अगदी अलीकडचा. फ्रान्समध्ये द मेरितां याने 1881 साली विजेच्या ज्योतीने बॅटरीचे शिशाचे पत्रे जोडले. रशियात स्लाव्यानोव्हने 1888 साली कोळशाच्या कांडीऐवजी धातूचीच कांडी वापरली. स्वीडनच्या केलबर्गने 1907 च्या सुमारास त्या कांडीवर लेप चढविला, आणि तेथून हे काम खरे भरवशाचे झाले. 1917 साली अमेरिकेच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांची यंत्रे खलाशांनीच फोडून ठेविली होती. ती विजेने सांधून काही महिन्यांत जहाजे पुन्हा समुद्रावर गेली. तेव्हा जगाचे डोळे उघडले. आपल्याकडे 1951 साली मुंबईस अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली, 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि तारा जसजशा खेड्यांत पोहोचल्या तसतसे वेल्डिंगचे यंत्रही लोहाराच्या दारी आले.

आता हरसूलसारख्या गावाकडे वळू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हा डोंगराळ मुलूख. पाऊस धो धो, पिके भात, नागली आणि वरई. येथील लोहाराचे परंपरागत काम म्हणजे विळे, कोयते, कुऱ्हाडी आणि फाळ. आता त्यात खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांची भर पडली आहे. या नव्या कामासाठी ज्या घरी प्रथमच यंत्र घ्यावयाचे, त्या घरी साऱ्या वर्षाची शिल्लक पणास लागते. म्हणून यंत्र पाहण्याआधी विजेचे बिल पाहावे, असे आमचे सांगणे आहे.

जुन्या पद्धतीचे तेलातील ट्रान्सफॉर्मर यंत्र क्विंटलभर वा त्याहून जड असते. त्यांतील पुष्कळशी दोन फेजवर, म्हणजे 415 व्होल्टवर चालतात. घरात मात्र बहुधा एकच फेज, 230 व्होल्टची. स्वस्त मिळाले म्हणून असे यंत्र घरी आणले, तर ते एक तर चालतच नाही, किंवा चोरून आकडा टाकण्याचा मोह होतो. तो मोह जिवावर बेततो. इन्व्हर्टर यंत्राची गोष्ट वेगळी. ते सेकंदास 50 फेऱ्यांच्या विजेच्या हजारो फेऱ्या करते. त्यामुळे आतील ट्रान्सफॉर्मर लहानसा पुरतो आणि सारे यंत्र पाच-दहा किलोत बसते.

हिशेब असा. 12 नंबरच्या रॉडला 60 ते 90 अँपिअर लागतात, 10 नंबरच्या रॉडला 90 ते 130. 100 अँपिअरवर ज्योतीचा दाब सुमारे 24 व्होल्ट. म्हणजे 2400 वॉट. यंत्रातील तूट धरता तारेवर 3000 वॉट, किंवा तीन इस्त्र्या एकदम लावाव्यात इतका भार. मंजूर भार याहून कमी असेल तर तो आधी वाढवून घ्यावा व अर्थिंग नीट करावे. यंत्रावर 200 अँपिअर लिहिले असले तरी दहा मिनिटांपैकी किती मिनिटे ते तेवढा प्रवाह देते, हे दुकानदारास अवश्य विचारावे. चाळीस टक्के म्हणजे चारच मिनिटे.

तथापि इन्व्हर्टरची दुसरी बाजू लपवून ठेवणे बरे नव्हे. ट्रान्सफॉर्मर जळला तर मोटारी बांधणारा कारागीरही तो पुन्हा गुंडाळून देतो. इन्व्हर्टरची पाटी बिघडली की जाणकार मिळेपर्यंत काम बंद. ग्राइंडरचा लोखंडी भुगा पंख्यातून आत गेला तर ही पाटी हमखास बसते. तरीही एका फेजवर राहणाऱ्या घराने 200 अँपिअरचे इन्व्हर्टर घ्यावे, दुरुस्तीची सोय नाशिकला आहे याची खात्री करून घ्यावे, आणि ग्राइंडर यंत्रापासून दूर चालवावा, असेच आमचे मत आहे.

पण यंत्र आले म्हणून कोणी ऐरण मोडीत घालू नये. कोयत्याच्या धारेचे पोलाद कडक जातीचे असते. त्यावर रॉड ओढला तर सांध्याशेजारचा भाग झटकन थंड होऊन ठिसूळ होतो आणि पहिल्याच घावास तडकतो. फाळास टोक चढविणे व धारेस पाणी देणे हे आजही भट्टीचेच काम आहे. जाळी यंत्रावर, कोयता ऐरणीवर, अशी विभागणी ज्या घरी होईल त्या घरची दोन्ही गिऱ्हाइके टिकतील.

पहिल्या वर्षी साधे 6013 जातीचे रॉड पुरेत. 7018 रॉड भट्टीत सुकवूनच वापरावे लागतात. नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये. डोळ्यांस 10 किंवा 11 नंबरची काच हवीच, आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना दार-खिडक्या उघड्या असाव्यात. हरसूलच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या रॉडने सांध्यात भोके पडतात. तेव्हा आषाढ लागण्यापूर्वीच रॉडचे पुडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरात चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवावेत.