यंत्रकरवत काष्ठशिल्प

यंत्रकरवत काष्ठशिल्प : इंजिनावर फिरणाऱ्या दातेरी साखळीच्या करवतीने अखंड ओंडक्यातून मूर्ती वा आकृती घडविण्याची कला. वृक्षतोडीसाठी निर्माण झालेले हे यंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिल्पसाधन बनले. त्याच्या वेगामुळे लाकूड कोरण्याचे काम प्रेक्षकांसमोर होऊ लागले व त्यातून कारागिरांच्या मेळाव्यांची प्रथा रूढ झाली.

इतिहास : दातेरी साखळीची कल्पना मूळची शस्त्रक्रियेतील आहे. जर्मन वैद्य बेर्नहार्ट हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाचे साखळी-उपकरण बनविले. आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. आरंभीच्या करवती चालविण्यास दोन माणसे लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या मिश्रधातूंमुळे त्या एकट्या माणसास पेलू लागल्या. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण केले. ही अळी तंतूंना समांतर व आडवीही सारख्याच सहजतेने पोखरते. तिच्या जबड्यांच्या वळणावरून त्यांनी १९४७ च्या सुमारास नव्या दात्यांची साखळी प्रचारात आणली. कॅलिफोर्नियातील ‘ट्रीज ऑफ मिस्टरी’ या वनोद्यानासाठी केन कायझर यांनी १९६१ पासून रेडवुडच्या ओंडक्यांतून कोरलेली शिल्पे या कलेच्या आरंभीच्या प्रसिद्ध कामांत मोडतात.

साधने : ओबडधोबड आकार काढण्यासाठी नेहमीची मोठी करवत वापरतात. बारकाव्यासाठी निमुळत्या टोकाची पट्टी व ६·३५ मिमी. अंतरमापाची बारीक साखळी लागते. पट्टीच्या टोकांना ‘डाइम’ व ‘क्वार्टर’ ही अमेरिकन नाण्यांची नावे आहेत. त्या नाण्यांचे व्यास अनुक्रमे सु. १८ व २४ मिमी. आहेत. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडात अडकल्यास करवत चालकाच्या अंगावर उसळते. हा या कामातील सर्वांत मोठा धोका होय. टोक जितके लहान तितकी उसळी कमी. म्हणून अरुंद पट्टी नाजूक कामाइतकीच सुरक्षिततेलाही उपकारक ठरते. साखळीरोधक, चेहऱ्यावरील जाळी, कर्णरक्षक व विशिष्ट तंतूंचे पायसंरक्षक ही साधनेही आवश्यक असतात. साखळी पायसंरक्षकाला लागताच तंतू चक्रात गुंतून ती थांबते. शेवटचा हात घासणयंत्राने देतात. काही कारागीर ज्योतीने पृष्ठभाग किंचित जाळून छटा आणतात.

मेळावे : पेनसिल्व्हेनियातील रिजवे येथील मेळावा व जपानच्या आइची प्रांतातील तोएइ या वनप्रधान गावची स्पर्धा प्रसिद्ध आहेत. अनेक मेळाव्यांत दोन प्रकारची कामे होतात : काही दिवस चालणारे मुख्य शिल्प आणि तासा-दीड तासात पुरे करावयाचे जलदशिल्प. जलदशिल्पांचा तेथेच लिलाव होतो व त्याचे उत्पन्न पुष्कळदा धर्मादाय कार्यास दिले जाते. यांशिवाय कारागिरांना एकमेकांची हत्यारे व हातोटी जवळून पाहता येते, हा मेळाव्यांचा मोठा लाभ होय.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रातील काष्ठशिल्प वाकस, पटाशी, किंकरे, कानस व मोगरी या हत्यारांवर पोसले गेले. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूचे कोरीव खांब (एकोणिसाव्या शतकाचा आरंभ) हे त्याचे ठळक उदाहरण. येथे वाळवलेल्या लाकडाचे घटक स्वतंत्रपणे कोरून सांध्यांनी जोडले जात. अखंड ओल्या ओंडक्यातील शिल्प मात्र वाळताना गाभ्यापासून तडकते. यंत्राने तासांत साधलेला आकार टिकविण्यासाठी लाकडाच्या वाळण्याचा विचार आधीच करावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्याच्या उत्तरेस पूर्णेचे खोरे ओलांडले की सातपुड्याच्या रांगा लागतात. त्यांच्या पूर्वेकडील मेळघाटात कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ ‘मुंडा’ नावाचे सागवानी स्मृतिफलक उभारतात. त्यांवर घोडेस्वार, सूर्य व चंद्र कोरलेले असतात. ‘सिडोली’ विधीच्या वेळी आप्तजन व गावकरी एकत्र जमतात. लाकूड कोरणे आणि समुदायाने एकत्र येणे यांचा असा संबंध येथे यंत्राच्या आधीपासूनचा आहे. मात्र मेळघाटात फलक मृताच्या नावाने उभा राहतो, तर रिजवेला शिल्प बोली लावणाऱ्याच्या घरी जाते.